ओढ्याकडची पाकळी

डिंगोरे, १२ फेब्रुवारी २०२५

अक्का,

बारा वर्षांनी लिहिलेल्या पत्राला कोणता मायना शोभतो याचा सकाळभर विचार केला आणि शेवटी लहानपणी मारायचो त्या हाकेपाशीच थांबलो. माझा फोन तू घेत नाहीस. तो तुझा अधिकार आहे. पत्र मात्र, तू हातात घेतले नाहीस तरी, वाचून दाखवीन असे अश्विनीने कबूल केले आहे. तुझी ही सून गोड आहे आणि खोटे बोलणारी नाही, म्हणून मला तिची थोडी भीतीही वाटते.

काल तिचाच फोन होता. मुक्ताईच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला आहे, छपराचे पत्रे उतरवले आहेत, देवीसाठी चांदीचा मुखवटा घडवून आणला आहे आणि तो कोणत्या बाजूला बसवायचा यावरून तुझे व समितीचे अध्यक्ष सावळेराम यांचे बिनसले आहे, असे तिने सांगितले. तू म्हणतेस, मुखवटा मागच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसला पाहिजे. सावळेराम म्हणतात, तो दाराकडेच बसेल, कारण लेखी पुरावा तसा आहे. हा लेखी पुरावा म्हणजे मुक्ताईच्या कौलावर मी बारा वर्षांपूर्वी छापलेली पुस्तिका. पान सात, आकृती एक. देवळाचा चौकोन, मध्ये शेंदराच्या दगडाचे वर्तुळ आणि त्या वर्तुळातून दाराकडे निघालेला बाण. बाणाखाली मी स्वच्छ अक्षरात लिहिले होते : 'देवीचे मुख'.

अश्विनी म्हणाली, "मामा, तुमचा बाण उलटा हाय."

मला हसू आले. राग मानू नकोस. मी तिला जे समजावले तेच इथे क्रमाने लिहितो, कारण क्रम सोडला की माझे चुकते. तुमची मुक्ताई म्हणजे तांदळा, म्हणजे ज्याला नाक-डोळे कोरलेले नाहीत असा गोल दगड. कौल मागताना तू तिच्या दोन खांद्यांवर शेवंतीची एकेक ओली पाकळी चिकटवायचीस. देवीच्या उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आता पाकळी का पडते? पाण्याचा पातळ थर तिला दगडाशी धरून ठेवतो, जशा दोन ओल्या काचा एकमेकींना सोडत नाहीत. पाणी सुकत जाते, शेंदराचे तेल आड येते आणि एका क्षणी पाकळी आपल्याच वजनाने सुटते. हे किती सुंदर आहे! निवृत्तीनंतर मी ओसरीवर एक जुना वरवंटा उभा केला आहे. पहाटेचे धुके शेतावरून उठत असते आणि मी दोन पाकळ्या लावून बसतो. कोणती आधी पडेल हे चाळीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला सांगता येत नाही. मी बघत राहतो आणि चहा गार होतो.

मुद्द्यावर येतो. कौलाचा सगळा अर्थ देवीच्या उजव्या-डाव्यावर उभा आहे आणि उजवे-डावे तिच्या तोंडावर. देवाचे तोंड दाराकडे असते. एरवी दार तिथे असण्याचे कारण काय? माझा बाण या तर्कावर काढलेला आहे. तुझे म्हणणे याहून वेगळे असेल तर त्याला आधार दे. एखादा फोटो, एखादी जुनी नोंद, काहीही. माझ्या चुकीचा पुरावा मिळाला तर मी ती आनंदाने मान्य करतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

समितीची बैठक अठरा मे रोजी आहे असे कळले. तोवर मुखवटा डब्यात आहे.

तुझा
तुळशीदास

•

डिंगोरे, १० मार्च २०२५

अक्का,

तुझा निरोप पोचला. अश्विनीने तो तुझ्याच आवाजात सांगितला, मला क्षणभर तूच बोलतेस असे वाटले. "त्याला म्हणावं, ओढा कुठल्या अंगाला हाय ते वहीत बघ."

बारा वर्षांत तू मला पाठवलेले हे पहिले वाक्य. मी ते वाक्य उपासाच्या दिवशी फराळ पुरवावा तसे दिवसभर पुरवून खाल्ले आणि संध्याकाळी तुझ्या वहीच्या छायाप्रती कपाटातून बाहेर काढल्या.

ती वही तू मला आपली आई गेली तेव्हा, बयच्या तेराव्याला दिली होतीस. 'वाचून दे' एवढेच म्हणाली होतीस. मी नारायणगावला तिच्या प्रती काढून घेतल्या, हे तुला न विचारता. चौदा वर्षांचे कौल, तुझ्या चौथी पास अक्षरात. पण तू कुठेही उजवे किंवा डावे असे लिहिले नव्हतेस. तुमच्या वाडीत कोणी तसे बोलतच नाही. 'ओढ्याकडचं पडलं', 'आंब्याकडचं पडलं'. मी देवीचे तोंड दाराकडे धरले, म्हणजे पूर्वेला. मग उत्तरेचा ओढा तिच्या डाव्या हाताला येतो. म्हणून जिथे जिथे ओढा, तिथे तिथे मी तक्त्यात 'नाही' लिहिले आणि जिथे आंबा, तिथे 'होय'. मग त्या कौलाचे पुढे काय झाले ते तुझ्याच नोंदींवरून तपासले. बैल लाभला का, विहिरीला पाणी लागले का, सोयरीक टिकली का. एकशे बारा कौलांचे फळ कळण्यासारखे होते. त्यांतले सहासष्ट खोटे निघाले आणि सेहेचाळीस खरे. मी पुस्तिकेत लिहिले की मुक्ताईचा कौल नाण्याइतकाही भरवशाचा नाही. तीनशे प्रती छापल्या आणि त्यानंतर वाडीने कौल मागणे सोडले.

परवा रात्री या प्रतींत एकतिसावी नोंद पुन्हा वाचली. 'ओढ्याकडचं पडलं. आई हो म्हणली. बैल आणला.'

ओढा आणि मुक्ताईचा होकार, एकाच ओळीत. ही नोंद मी पूर्वीही वाचली होती. तिच्या समासात माझ्याच हाताने पेन्सिलीने लिहिलेले आहे : 'लेखनदोष'. तुझ्या वहीतली एक ओळ माझ्या बाणाशी जुळेना, तेव्हा मी बाण तपासला नाही. ओळ चुकीची ठरवली. विद्यार्थ्याने प्रयोगवहीत असे केले असते तर मी ती वही वर्गासमोर त्याच्या हातात ठेवली असती.

सकाळी अश्विनीला फोन करून, तुला विचारून सांग, अशी विनंती केली. हा प्रश्न मी बारा वर्षांपूर्वी, पेन्सिल उचलण्याआधी विचारायला हवा होता. तिने जे सांगितले ते मी जसेच्या तसे उतरवून ठेवले आहे. गाव धरणात जायच्या वर्षी मुक्ताईला ट्रॅक्टरमधून वर आणले. तू नवी सून होतीस आणि दगड हलू नये म्हणून तुझ्या मांडीचा टेकू दिला होता. माळावर नुसता एक ओटा होता. भिंती नव्हत्या, दार नव्हते. खाली पाणी चढत होते आणि सगळी माणसे आपापल्या घरांकडे बघत उभी होती. कोणीतरी म्हणाले, हिलाबी बघू द्या. म्हणून तिला गावाकडे तोंड करून बसवले. भिंती पाच वर्षांनी आल्या आणि दार रस्त्याच्या बाजूला पडले, कारण वाळूची गाडी तिथपर्यंतच येत होती. तेव्हापासून सगळी वाडी देवीच्या पाठीमागे उभी राहून तिला विचारते आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. मागची भिंत आड येत नाही का, असे मी विचारले. त्यावर तू म्हणालीस म्हणे, "तिला भित आड येती व्हय."

मी तेव्हा पुण्याला शिकत होतो. मला कोणी सांगितले नाही, कारण जे सगळ्यांना ठाऊक असते ते कोणी कोणाला सांगत नाही. दगडावर तर कसलीच खूण नाही. त्याचे तोंड कुठे आहे हे त्याला बसवणाऱ्या माणसांतच आहे.

माझा बाण उलटा आहे, अक्का.

आणि बाण उलटा, तर सगळा तक्ताच उलटतो. खोटे ठरवलेले सहासष्ट कौल खरे होतात आणि खरे ठरवलेले सेहेचाळीस खोटे. नुसते नाणे एकशे बारा वेळा उडवले तरी शंभरांतून सहा-सात वेळा इतका फरक आपोआप पडतो. हे मला पुस्तिका लिहितानाही ठाऊक होते. पण आकडा माझ्या बाजूचा होता, म्हणून मी ते तळटीपेतही घातले नाही. आता तोच आकडा मुक्ताईच्या बाजूला गेला आहे. मला ती सवलत तिला नाकारता येत नाही.

एक शुद्धिपत्र छापावे म्हणतो. तुला आनंद होईल, अशी आशा आहे.

तुळशीदास

•

डिंगोरे, २ एप्रिल २०२५

अक्का,

तुला आनंद झाला नाही हे अश्विनीने सांगितले. तिने आधी सांगावे की नको असे केले आणि मग सांगूनच टाकले. "मामा, तुमच्या पुस्तकानं कौल बंद झाला त्याचं आत्यांना काय वाटलं नाय. त्यांना त्या अठ्ठ्याऐंशी नंबरचं लागलंय. सरळ सांगते, तुमी मागच्या दोन पत्रांत त्याचं नावबी घेतलं नाय."

खरे आहे. मी दोन पत्रे त्या ओळीला वळसा घालत लिहिली. सहासष्टांविषयी उत्साहाने लिहिले आणि सेहेचाळिसांत कोण आहे ते लिहिले नाही.

गेले काही दिवस मला एकच स्वप्न पडते. तुमचे पाण्यातले गाव आहे, मी कधी न पाहिलेले (तुझ्या लग्नालाही परीक्षेमुळे मी नव्हतो), आणि ते पाण्याखालीच चालू आहे. बायका भाकऱ्या थापतात, पीठ वर तरंगत जाते. बय एका उंबऱ्यावर बसलेली आहे. ती माझ्याकडे बघते आहे की तिकडे, हे मला कळत नाही, कारण तिला चेहरा नाही. मी पोहत तिच्या पुढच्या बाजूला जायला बघतो, पण कितीही फिरलो तरी माझ्यासमोर तिची पाठच असते. जागा होतो तेव्हा भीती वाटत नाही. उलट पुन्हा तिथेच जावेसे वाटते.

आता ती ओळ. 'ओढ्याकडचं पडलं. १४ जून. बय.' एवढीच आहे. पुढे काही लिहिलेले नाही.

बयच्या हृदयाची शस्त्रक्रिया करावी असा माझा आग्रह होता. मी तुम्हा दोघींना कागदावर हृदयाचे चित्र काढून समजावले होते. बय घाबरत होती आणि तू आठवडाभर गप्प होतीस. मग पंधरा जूनला तुझा फोन आला की नेऊ या. पुण्यात शस्त्रक्रिया नीट झाली आणि तिसऱ्या दिवशी बय गेली. डॉक्टरांचा दोष नव्हता. तिचे वय होते.

तेराव्याला वही हाती आली तेव्हा मी सर्वांत आधी चौदा जून शोधला होता. ओढा, म्हणजे माझ्या लेखी नकार. देवीने नको म्हटले होते आणि तरी तू केवळ माझ्या शब्दाखातर बयला पाठवलेस, असे मी समजलो. ते मला सहन होईना. कौलाला काही अर्थ असेल, तर बयला मी मारले असे होत होते. म्हणून कौलाला अर्थ नाही हे सिद्ध करणे भाग होते. पुस्तिकेच्या प्रस्तावनेत मी सत्यशोधन वगैरे लिहिले आहे. पण हे सगळे मी माझ्या सुटकेसाठी मोजत होतो.

आणि त्यातही मी निःपक्षपाती राहिलो! अनुक्रमांक अठ्ठ्याऐंशी. प्रश्न : आईची शस्त्रक्रिया. कौल : नाही. फळ : मृत्यू. शेरा : कौल खरा. आपल्याच विरुद्ध जाणारा आकडा प्रामाणिकपणे छापला, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

देवी हो म्हणाली होती, अक्का. आज ते मला कळते. चौदा जूनला तू बयला सांगितले असशील की मुक्ताई हो म्हणते, चल. तुझ्या शब्दावर बय निघाली आणि परत आली नाही. त्यावर मी तीनशे प्रतींत छापले की देवी नको म्हणत असताना लेकीने आईला नेले. आपल्या डिंगोऱ्यात काही बायकांनी तुला तसे तोंडावर ऐकवले, हेही मला अश्विनीकडून आत्ता कळते आहे. तू माझ्याकडे खुलासा मागितला नाहीस. तू फक्त बोलायची थांबलीस.

यावर क्षमा कशी मागायची याची रीत मला माहीत नाही. अठरा मेच्या बैठकीला मी येईन. पान सात कसे चुकले ते सर्वांसमोर सांगेन. अठ्ठ्याऐंशीचे सांगू की नको, ते तू ठरव. ते सांगितले तर तुझ्यावरचा आळ जातो, पण मुक्ताईचा शब्द तुझ्या बाबतीत खोटा पडला हे सगळ्या वाडीला कळते. आणि त्याच बैठकीत तू तिच्या बाजूने उभी असशील.

तुळशीदास

•

डिंगोरे, २० मे २०२५

अक्का,

बैठकीतून तू अर्ध्यावर उठून गेलीस, म्हणून पुढचे लिहितो. पण आधी तू होतीस तिथपर्यंतचे, कारण क्रमाने लिहिल्याशिवाय मला ते खरे वाटत नाही.

'सांग' असा एका शब्दाचा निरोप तू पाठवला होतास, म्हणून मी सांगितले. आधी आकृती. बाण मी कोणालाही न विचारता काढला, तो पुरावा नाही, तो माझा अंदाज आहे आणि छापल्याने अंदाजाचा पुरावा होत नाही. सावळेराम भला माणूस आहे. त्याने माझी पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. तो दुखावल्यासारखा म्हणाला, "सर, आमी तुमच्या भरवशावर बसलो राव. मग खरं तोंड कुठं हाय ते तुमीच सिद्ध करा." मी म्हणालो की ते मला सिद्ध करता येणार नाही. दगड तपासून ते कळणार नाही. त्याला बसवणाऱ्यांना विचारावे लागेल. मागून कोणीतरी म्हणाले, "येवढं शिकून आमालाच इचारतोय." सगळे हसले. मलाही हसू आले.

मग मी अठ्ठ्याऐंशी क्रमांक सांगितला. सांगून झाल्यावर सावळेराम बराच वेळ पिशवीशी चाळा करत होता. मग त्याने तुला हळूच विचारले, "कोंडाबाई, म्हंजी मुक्ताई चुकली म्हणायची का?"

तू तेव्हा जे बोललीस ते मी खिशातल्या कागदावर लिहून घेतले. सवय आहे, क्षमा कर.

"चुकली. माझी बय गेली, तवा ती चुकलीच. लई भांडले मी तिच्याशी. आन दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आंघोळ घातली. ती चुकली म्हणून काय तिचं तोंड फिरवून बसवायचं? तिकडं तोंड हाय, कारण आमी सगळी तवा तिकडं बघत व्हतो. पुरावा पायजे आसंल तर मी हाय हितं."

एवढे बोलून तू गेलीस. पुढे काय झाले ते ऐक. मग एक-दोन म्हाताऱ्यांनी, आम्हीही त्या ट्रॅक्टरमागे चालत होतो, असे सांगितले. सावळेरामाची एकच अडचण उरली : लोकांनी दर्शन कोणाचे घ्यायचे, पाठीचे? त्यावर तुझी सून बायकांतून उठली आणि म्हणाली, इतकी वर्षे घेतलेच आहे, कोणाचे अडले का. तेव्हा असे ठरले आहे. मुखवटा पाण्याकडे बसेल. दार आहे तिथेच राहील. मागची भिंत पुन्हा बांधताना तिला मोठी खिडकी ठेवायची आणि ज्याला देवीचे तोंड पाहायचे असेल त्याने वळसा घालून पलीकडे जायचे.

शुद्धिपत्राविषयी अश्विनीजवळ तू सांगितलेस तेही कळले. सहासष्ट खरे निघाले हे छापायचे नाही, देवीला गुण द्यायची गरज नाही. मला ते जड जाते आहे. चूक कळल्यावर ती दुरुस्त केलेला आकडा प्रसिद्ध करणे हा मी आयुष्यभर धर्म मानला. पण तुझी वही तुझी आहे. म्हणून शुद्धिपत्रात दोनच वाक्ये येतील. पान सातवरचा बाण चुकीचा असून त्यावर उभारलेला तक्ता मागे घेतला आहे. अनुक्रमांक अठ्ठ्याऐंशीत लेखकाने आपल्या बहिणीविषयी असत्य छापले. ज्या ज्या घरी पुस्तिका गेली तिथे मी ते स्वतः नेऊन देईन, डिंगोऱ्यात उद्यापासून.

मुक्ताईला मी मानू लागलो असे मात्र समजू नकोस. पाकळी पाण्याने धरते आणि पाणी सुकले की सुटते, या मतावर मी आहे.

आता शेवटचे, ज्यासाठी खरे तर हे पत्र आहे. बैठक संपल्यावर मी पाडलेल्या भिंतीच्या बाजूला आलो तेव्हा तू तिथल्या एका चिऱ्यावर बसलेली होतीस. पाणी खूप खाली गेले होते. तू सरकून मला जागा दिलीस. मग बोट करून दाखवत गेलीस. ती चावडी, ते आमचे घर, ती चूल, ते अंगण, इथे लग्नात मांडव होता. ऊन गाळावर थरथरत होते. तू विचारलेस, दिसतेय का. मी म्हणालो, दिसतेय. तू समाधानाने मान हलवलीस आणि मला जेवायला घेऊन गेलीस.

अक्का, मला काही दिसत नव्हते. एक पडकी भिंत आणि गाळ, एवढेच. बारा वर्षांनी तुझ्याशेजारी बसलो होतो, म्हणून खोटे बोललो.

पाणी अजून उतरते आहे असे अश्विनी म्हणते. मी पुढच्या मंगळवारी सकाळच्या गाडीने येतो. मला पुन्हा दाखव, सावकाश, एकेक घर.

तुझा
तुळशीदास